बऱ्हाणपूरची ग्यारस आणि पाण्याची गोळी

ज्येष्ठात बऱ्हाणपूरला जाऊ नये, असं ज्याला विचारलं त्याने सांगितलं. सगळ्यांचं बरोबर होतं, तरी मी गेले. कारण दोन. एक, जमिनीखालून पाणी वाहून नेणारा कुंडी भंडारा पाहायचं मनात वर्षानुवर्षं होतं. दोन, माझ्या मोठ्या नणंदेचा फोन आला. कमलताई लग्न करून बऱ्हाणपुरात गेल्या त्याला आता चाळीसहून जास्त वर्षं झाली असतील. त्यांच्या मराठीत निम्मी हिंदी मिसळली आहे, पण हुकूम सोडायची पद्धत अस्सल माहेरची.

"सुधा, यंदा माझ्या निर्जळा ग्यारशीचं उद्यापन आहे. वसंताला उन्हात आणू नकोस, त्याची तब्येत नाजूक. तू ये. तू टणक आहेस."

वसंता म्हणजे आमचे हे, ताईंचे धाकटे भाऊ. ग्यारस म्हणजे एकादशी. ज्येष्ठातल्या शुद्ध एकादशीला पाण्याचा थेंबही न घेता राहायचं, सूर्योदयापासून दुसऱ्या दिवशीच्या सूर्योदयापर्यंत. काही वर्षांपूर्वी वादळाने ताईंच्या मुलाची, गिरीशची, केळीची बाग आडवी केली, तेव्हा ताईंनी हे व्रत बोललं. बाग पुन्हा उभी राहिली. व्रताची वर्षं आता भरत आली होती. ही शेवटची. मधेच मोडली तर मागची सगळी वाया, असा तिथला समज.

मी बी.एस्सी. आहे. शरीरशास्त्र विषय होता. उन्हाळ्यात पाणी न पिण्याबद्दल माझं मत काय असेल ते सांगायला नको. पण थोरल्या नणंदेला फोनवर मतं ऐकवायची नसतात. ह्यांच्या आठवडाभराच्या गोळ्या डबीत वारांप्रमाणे भरल्या, फ्रिजवर सूचनांचा कागद लावला आणि निघाले.

नाशिकहून इटारसीकडे जाणारी कुठलीही गाडी चालते. सकाळची घ्या. दुपारी गाडी तापली की खिडकी उघडावी तर भट्टी, बंद करावी तर गुदमर. भुसावळच्या पुढे दोन्ही बाजूंना केळी सुरू होतात आणि डोळ्यांना जरा थंडावा मिळतो, अंगाला नाही. स्टेशन लालबागेकडे, शहरापासून लांब आहे. बाहेर रिक्षा उभ्याच असतात. शेअर रिक्षा स्वस्त, पण सामान असेल तर अख्खी करावी आणि बसण्याआधी भाडं ठरवावं.

माझा रिक्षावाला दाढीवाला, पोक्त माणूस होता. बाटलीतलं पाणी तोंडावर मारून म्हणाला, "इस मौसम में कौन आता है, बहनजी?"

"मैं आती हूँ," मी म्हटलं.

"कल ग्यारस है. दोपहर में गाड़ी नहीं मिलेगी, बता देता हूँ."

"तुम्हारी भी ग्यारस?"

"हमारे रोज़े गर्मी में पड़े थे, तब भी दोपहर को छाँव में लगा देते थे. सवारी से पहले ड्राइवर गिर जाए, तो क्या फ़ायदा?"

नावगाव न विचारता त्याचा मोबाइल नंबर मात्र घेऊन ठेवला. ही माझी सवय. कुठल्याही गावात उतरलात की एका रिक्षावाल्याचा नंबर घ्या.

ताईंचं घर राजपुऱ्यात, दुकानाच्या वर. ताई सत्तरीच्या, सडपातळ, ताठ. गल्लीत कुठेतरी यंत्रमाग खडखडत होते. जिन्याच्या पायथ्याशी नवे माठ ओळीने मांडले होते. दुसऱ्या दिवशी तिथे प्याऊ लागणार होती. प्याऊ म्हणजे आपली पाणपोई. निर्जळेच्या दिवशी स्वतः पाणी प्यायचं नाही आणि दुसऱ्याला पाजायचं, ही तिथली रीत.

"म्हणजे दिवसभर हातात पाणी आणि तोंड कोरडं?" मी विचारलं.

"त्यातच तर पुण्य आहे," ताई म्हणाल्या. "हातात नसतं तर कोणीही राहील."

संध्याकाळी ऊन उतरल्यावर गिरीश मला तापीकाठच्या मळ्यात घेऊन गेला. ट्रक लागला होता. माणसं केळीचे घड खांद्यावर घेऊन बांधाबांधाने येत होती. खांद्यावर पोत्याची घडी आणि त्यावर मणभर वजन.

"उद्या काम बंद?" मी विचारलं.

"बंद कसं ठेवणार, मामी? या गर्मीत माल थांबत नाही. झाडावरच पिकायला लागतो. पहाटे अंधारात कटाई, ऊन चढायच्या आत गाडी भरून रवाना. उपासवाल्यांना मी घड उचलू देत नाही. ते सावलीत बसून घडांमध्ये पानं लावतील, घड मोजतील. गेल्या वर्षी एक जण घड खांद्यावर घेऊनच खाली बसला होता. आम्हाला वाटलं चेष्टा करतोय."

"मग?"

"मग काय. डोळे फिरलेले. तेव्हापासून हा कायदा."

"घरी लावलास का हा कायदा?"

गिरीश हसला, पण ओशाळून. "मजुराला सांगता येतं, मामी. आईला कोण सांगणार? आणि ती हे माझ्याच बागेसाठी करते ना."

रात्रीच्या जेवणानंतर ताईंनी गोळ्यांचा डबा काढला. ही रक्तदाबाची, ही पाण्याची. मागच्या हिवाळ्यात पाय सुजले तेव्हा डॉक्टरांनी ही दुसरी सुरू केली होती.

"सुधा, उद्या घेऊ ना? सूर्य उगवायच्या आधी पाण्यासोबत घेतली तर व्रताला चालतं."

मी माझ्या नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे फारसा विचार न करता ठणकावलं, "गोळी चुकवायची नाही, ताई. कधीच नाही."

"तेच म्हटलं," ताई म्हणाल्या, आणि समाधानाने डबा मिटला.

पहाटे मी उठले तेव्हा त्यांची अंघोळ, पूजा झाली होती. तांब्याभर पाणी पिऊन त्यांनी तोंड पुसलं. आकाश तांबडं व्हायला लागलं होतं.

"झालं. आता उद्यापर्यंत बंद. पण तू काळजी नको करू. मी बंदोबस्त केलाय."

कसला बंदोबस्त ते सांगितलं नाही, नुसत्या हसल्या. मला वाटलं, बाई शहाणी आहे. कोणी बघत नसताना घोटभर घेईल. मनात म्हटलं, घ्या बापडे, मी काही पाहिलं नाही.

कुंडी भंडाऱ्याला सकाळीच जावं. शहराबाहेर, उघड्यावर, चुना फासलेल्या विहिरींच्या तोंडांची एक रांग दिसते. वरून बघितलं तर काहीच नाही. लोखंडी पाळण्यासारखी लिफ्ट आहे, ती चालू आहे का ते आधी विचारून जा. तिकीट किरकोळ. चपला जुन्या घाला, खाली पाण्यात चालावं लागतं. गुडघे दुखत असतील तर वरूनच बघा, हट्ट करू नका.

खाली उतरले आणि बाहेरचा ज्येष्ठ एका क्षणात संपला. माणूस उभा राहील एवढा बोगदा, भिंतींवर चुन्याचे पांढरे थर, त्यांतून झिरपणारं पाणी. सातपुड्यातून येणारं पाणी चारशे वर्षांपूर्वी इथे अडवून, उतार देऊन शहरात नेलं होतं. मोट नाही, पंप नाही. मी ओंजळीने पाणी प्यायले. बाटली भरून घेतली. बरोबरचा वाटाड्या म्हणाला, "आज के दिन तो कोई नीचे आता नहीं, मैडम. पानी देखकर मन डोल जाता है." वर पाहिलं तर विहिरीच्या तोंडातून आकाशाची भाकरीएवढी चकती दिसत होती, पांढरीफटक. इतक्या थंडाव्यातून तिकडे परत जायचं जिवावर आलं.

परतले तेव्हा राजपुऱ्यात सावली भिंतीला चिकटून उभी होती. प्याऊपाशी ताई खुर्चीवर न बसता उभ्या, डाव्या हाताने माठाचा काठ धरून. समोर हमाल, शाळकरी मुली, एक हातगाडीवाला. उजव्या हातातला लोटा वर उचलून ओंजळीत धार सोडायच्या.

"पी बाबा, पी. अजून घे."

मी पुढे होऊन म्हटलं, "ताई, वर चला. मी वाढते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आली का तू, शांता?"

शांता त्यांची धाकटी बहीण. ती जाऊन खूप वर्षं झाली.

मी त्यांचा हात धरला. घामाचा मागमूस नव्हता. कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहिली. ओठ पांढरे. तेवढ्यात त्यांच्या पोटरीला गोळा आला आणि त्या कळवळल्या. मी आणि पिंकीने, म्हणजे गिरीशच्या बायकोने, त्यांना जिन्यापर्यंत आणून पायरीवर बसवलं. पिंकी खंडव्याची, बोलताना एक पाय हिंदीत असतो.

"मामीजी, मी आईंना किती बार बोलली, बैठ जा. ऐकतच नाही. आणि सुबह से सारखं बाथरूम, सारखं बाथरूम."

"काय?"

"सारखं बाथरूमला जातायत. मला वाटलं पोट बिघडलं. तर बोलल्या, नाही, नुसती लघवी."

मी तिथेच थांबले. पहाटेपासून पाण्याचा थेंब नाही आणि बाई सारखी लघवीला जाते. मग हे पाणी येतंय कुठून?

"ताई, सकाळी काय घेतलंत? इकडे बघा. काय काय घेतलंत?"

त्यांनी डोळे उघडले. जीभ जड झाली होती. "बोलली ना तुला. बंदोबस्त. पाण्याची गोळी. दोन घेतल्या जास्तीच्या. दिवसभर पाणी नाही, तर अंगात पाणी राहायला पाहिजे."



ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सरळ सांगते. पाण्याची गोळी अंगात पाणी घालत नाही. ती अंगातलं पाणी लघवीवाटे बाहेर काढते. पाय सुजतात ते उतरावेत म्हणून देतात. म्हणजे बऱ्हाणपूरच्या ज्येष्ठात, पाणी बंद करून, या बाईने अंगातलं होतं तेही तिप्पट जोराने उपसून टाकलं होतं. आणि गोळी चुकवू नका असं आदल्या रात्री मीच दरडावलं होतं.

मी पेला भरला. "ताई, हे प्या."

त्यांनी ओठ मिटले. नुसते मिटले नाहीत, आत ओढून घेतले, औषध नको म्हणणाऱ्या पोरासारखे.

"ताई, जीव जाईल."

"उद्यापन आहे," त्या दातांतून बोलल्या. "गिरीशची बाग आहे. शेवटची एक. सरक."

"पिंकी, धर ताईंचं डोकं."

पिंकी मागे सरकली. रडायला लागली. "मामीजी, मी नाही. आईंचं व्रत माझ्या हाताने तुटलं आणि बागेला काही झालं, तर सगळी जिंदगी मला ऐकावं लागेल. तुम्ही तर परसों नाशिकला चालल्या जाल."

खरं होतं ते. मी परवा जाणार होते.

तेवढ्यात ताईंची मान कलली. आता पाणी तोंडात ओतायचा प्रश्नच नव्हता. शुद्ध हरपत असलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतलं तर ते श्वासनलिकेत जातं. हे लक्षात ठेवा, घरातल्यांनाही सांगा. मी माठ उचलला आणि तो तसाच ताईंच्या डोक्यावर रिता केला. मग दुसरा. पदर, पोलकं, सगळं भिजवलं. ओला टॉवेल मानेला, काखेत. दानासाठी मांडलेलं पाणी जिन्यावरून गल्लीत वाहायला लागलं. प्याऊवर आलेला हमाल काही न विचारता माठामागून माठ माझ्या हातात देत राहिला.

ताईंनी डोळे किलकिले केले. "तोंडात गेलं का?"

"नाही."

"शपथ?"

"गप्प बसा, ताई."

थोरल्या नणंदेला गप्प बसा म्हणायची माझी पहिलीच वेळ. रिक्षावाल्याला फोन लावला. दुपारी येणार नाही म्हणाला होता. मी फक्त म्हटलं, "आदमी गिर गया है." तो आला. ओला टॉवेल स्वतःच्या डोक्याला बांधून आला. भरधाव नेताना एकदाही हॉर्नवरचा हात उचलला नाही.

दवाखान्यात आधीच दोन पलंगांवर ग्यारसवाले होते. तरुण डॉक्टरीणबाईने रक्तदाब पाहिला, पुन्हा पाहिला. मी गोळीचं नाव आणि किती घेतल्या ते सांगितलं. तिने मान वर केली, एकही प्रश्न न विचारता नर्सला हाक मारली. सुई लागली, बाटली टांगली. रक्त तपासायला गेलं. गिरीश मळ्यातून आला तो चिखलाच्या पायांनी, हाताला केळीचा चीक. दाराशीच उभा राहिला. आत यायला धजत नव्हता.

"मामी, आई…"

"रिपोर्ट येऊ दे."

"माझ्या बागेसाठी, मामी. जळू दे ती बाग."

"आत ये आणि तिचे तळपाय चोळ. बाग जाळायला नंतर वेळ आहे."

रिपोर्ट आला. अंगातले क्षार घसरले होते, मूत्रपिंडांवर ताण होता. डॉक्टरीण म्हणाली, अजून थोडा उशीर झाला असता तर मी तुम्हाला इंदूरला पाठवलं असतं, आणि रस्त्याची खात्री दिली नसती. मग बाटलीतला एकेक थेंब बघत बसणं, एवढंच काम उरलं. पिंकी पलंगाच्या पायथ्याशी, गिरीश तळव्यांशी, मी नळीकडे बघत.  पिंकीचेही ओठ सुकले होते, तेव्हा माझ्या लक्षात आलं. सासू उपाशी असताना तिच्यासमोर पाणी कसं प्यायचं, म्हणून तिनेही सकाळपासून काही घेतलं नव्हतं. कुंडी भंडाऱ्याची बाटली माझ्या पिशवीत होती. तिला बाहेर नेऊन ती सगळी प्यायला लावली.

ऊन कलल्यावर ताईंना नीट शुद्ध आली. पहिला प्रश्न डॉक्टरिणीला.

"बाई, तोंडातून काही दिलं का मला?"

"नाही, माताजी. सगळं नसेतून."

"मग ग्यारस आहे ना अजून?"

डॉक्टरीण माझ्याकडे बघायला लागली. माझ्या जिभेवर पुष्कळ काही होतं. मी म्हटलं, "आहे, ताई. सलाइन तोंडातून जात नाही. शास्त्राला चालतं." कुठल्या शास्त्राला ते मी सांगितलं नाही.

मग मी त्यांना गोळीचं सांगितलं. ती पाणी भरत नाही, काढते. ताई छताकडे बघत ऐकत राहिल्या. 

"म्हणजे मी स्वतःच उपसलं?"

"हो."

"आणि नाव काय ठेवलं तुम्ही लोकांनी तिचं?"

"पाण्याची गोळी."

"डोकेदुखीची गोळी डोकेदुखी काढते, ते समजलं. मग तापाची, खोकल्याची, तेही समजलं. पण पाणी काय रोग आहे, सुधा? पाण्याची गोळी म्हटल्यावर बऱ्हाणपूरच्या बाईने काय समजायचं?"

  जाताना डॉक्टरिणीने नर्सला सांगितलेलं मी ऐकलं. "आता जिला जिला ही द्याल, तिला पानी निकालने की गोली म्हणायचं. पूरा बोलना."

द्वादशीला सकाळी ताईंनी पलंगावरच पारणं केलं. तुळशीचं पान आणि पेलाभर पाणी. तो पेला त्यांनी सावकाश, मधे न थांबता रिकामा केला. आम्ही सगळे एखादी परीक्षा बघावी तसे बघत होतो. मग गिरीशला म्हणाल्या, "झालं माझं. सुटली मी. तुझ्या बागेला आता तूच पाणी घाल." मग माझ्याकडे वळून, "दानाचे माठ तू माझ्याच डोक्यावर रिकामे केलेस. आता नवीन आणायला सांग. उद्यापन अर्धं नाही ठेवायचं."

असीरगडला जायचं राहिलं. किल्ला चढायला हा महिना नाहीच, हिवाळ्यात जा. मावा जिलेबी मात्र खाल्ली, गरम, काळसर, जड. एका वेळी एकच खा. परतीची गाडी संध्याकाळची घेतली. स्टेशनवर सोडायला तोच रिक्षावाला. भाडं घेईना. मी त्याच्या खिशात कोंबलं.

घरी आले. ह्यांनी फ्रिजवरचा कागद वाचला होता, सूचनाही पाळल्या होत्या. गोळ्यांची डबी वारांप्रमाणे रिकामी. हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनियर. आयुष्यभर धरणाचं पाणी मोजलं. पायाच्या सुजेसाठी तीच गोळी त्यांनाही गेली काही वर्षं चालू आहे. रोज सकाळी मीच हातावर ठेवते.

चहा देताना सहज विचारलं, "तुमची ती पाण्याची गोळी. ती काय करते हो?"

वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाले, "अंगातलं पाणी टिकवते. का?"

मी बसले. सगळं सांगितलं. वर्तमानपत्र हळूहळू खाली आलं. बहिणीचं ऐकताना डोळे भरले ते त्यांनी लपवले नाहीत. मग हिशेब जुळत नसल्यासारखं म्हणाले,

"मग उन्हाळ्यात प्रवासाला निघताना मी एक जास्तीची घेतो, ती?"

मागच्या मे महिन्यात पुण्याला जाताना हे बसमध्ये चक्कर येऊन पडले होते. आम्ही बसला दोष दिला होता.

मी उठले, चिकटपट्टीचा तुकडा कापला, त्यावर ठळक लिहिलं, "पाणी बाहेर काढणारी गोळी", आणि डबीवर लावला. तुमच्या घरातही ही गोळी असेल. ती घेणाऱ्याला आज विचारा, ही काय करते म्हणून. उत्तर आपल्याला माहीत आहे असं धरून चालू नका. मी इतकी वर्षं धरून चालले होते.